मागच्या बाकावरचे आबा

सभागृहात शिरले की आबा आधी खिशातून रुमाल काढायचे, मागच्या बाकावरची धूळ झटकायचे, मग तोच रुमाल उलटा करून चौकोनी घडी घालायचे आणि बाकावर अंथरून त्यावर बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर. शिपाई मुद्दाम विचारायचा, "काय आबा, आज काय काम काढलं?"

आबांचं उत्तर ठरलेलं. "काहीच नही रे भाऊ. मी फक्त आयकाले येल शे."

फक्त ऐकायला आलोय. बस.

तुम्ही कधी तुमच्या गावच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसला आहात का? नसालच. कोणी बसत नाही. लोकांना बसायचा हक्क आहे म्हणून आमच्याकडे भिंतीला लागून एक लांब बाक टाकलेला आहे आणि त्याच्यावर भिंतीवर 'प्रेक्षक' असं रंगवलेलं आहे. एरवी त्या बाकावर जुन्या फायलींचे गठ्ठे आणि एक बंद पडलेला टेबल फॅन बसतो. आबा यायला लागले तेव्हापासून बाकाचा एक कोपरा मोकळा ठेवावा लागला. प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही. आबा कधी बोललेही नाहीत. तरी ते आले की नगरसेवक जरा सरळ बसायचे. एक नगरसेवक मला म्हणाले होते, "मॅडम, हा म्हातारा बोलत नाही ना, तेच अवघड आहे. शिव्या देणारा परवडला."

मी त्या नगरपरिषदेत सभेचं काम पाहते. कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, ठराव टाइप करायचे, इतिवृत्त तयार करायचं. नोकरी कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे खंड, मग पुन्हा अकरा महिने. मी बी.ए. झालेली आहे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी सांगायला लागले की लोकांना वाटतं, ही मोठेपणा करते. करते. का करू नये?

पण ती बी.ए. कशी झाले हे सांगितल्याशिवाय आबा तुम्हाला कळायचे नाहीत. म्हणून आधी आमच्या घराचं सांगते.

आमची वस्ती बुद्धविहाराच्या मागे. घर एका खोलीचं. त्यात आई, आम्ही चार भावंडं, एक शिलाई मशीन आणि वडील आले की वडील. ते केळीच्या गाड्या भरायला सावद्याला जायचे. पंधरा-पंधरा दिवस तिकडेच. परत आले की त्यांच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. तो डाग कशानंच जात नाही. त्यामुळे वडिलांचे सगळे शर्ट एकाच रंगाचे वाटायचे. आई जिनिंगमधे कामाला. संध्याकाळी आली की तिच्या केसांत, भुवयांत कापूस. धाकटा भाऊ तिला म्हातारी म्हणून चिडवायचा आणि ती त्याच्या मागे लाटणं घेऊन धावायची. खाण्याचे हाल होते, पण खरी ओढाताण जागेची आणि पाण्याची होती. घरात पुस्तक उघडायचं म्हटलं तर कोणाचा तरी पाय त्यावर पडायचा. आणि पाणी कधी सुटेल याचा नेम नाही. हंडे घेऊन नळावर बसायचं काम थोरली म्हणून माझं.

आबा तेव्हा नगरपरिषदेत पाणी सोडायच्या कामावर होते. गावातले सगळे व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखाली. सायकलच्या दांडीला कमरेएवढी लांब लोखंडी चावी बांधलेली असायची. आली चावी, फिरली गरगर, सुटलं त्या गल्लीचं पाणी. मूळचे सोनगीरकडचे. बोलणं पक्कं अहिराणी. लोक त्यांना शिव्या देत, कारण पाणी आलं नाही की समोर तेच दिसायचे. ते चावी फिरवता फिरवता ऐकून घेत आणि पुढच्या गल्लीत पुढच्या शिव्या घ्यायला जात.

मी नळाच्या रांगेत एका हातात हंड्याचं तोंड आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून बसायची. बारावीचं वर्ष होतं. एक दिवस आबांनी सायकल थांबवली. "माय, तू नाकावर काबर नही जास?"

नाक्यावर का जात नाहीस, म्हणजे जुन्या जकात नाक्यावर. जकात बंद झाली तेव्हा ती खोली ओस पडली होती. मग सरकारचं अनुदान आलं आणि नगरपरिषदेनं तिथे अभ्यासिका काढली. टेबलं, ट्यूबलाइट, पंखे, पाच वर्तमानपत्रं, आणि उघड-बंद करायला एक माणूस. मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "आबा, मी तिथे गेले नि इथे पाणी सुटलं तर?"

आबांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग मी आवाज दिसू."

आवाज देईन म्हणाले, तो आवाज म्हणजे सायकलची घंटी. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी ते वाट वाकडी करून नाक्यावरून यायचे आणि खिडकीखाली तीनदा घंटी वाजवायचे. मी पुस्तक पालथं ठेवून पळायची, पाणी भरायची, परत यायची. पुढे बाकीच्या गल्ल्यांतल्या पोरींनाही हे कळलं. मग कोणत्या गल्लीला किती घंट्या ते ठरलं. बुद्धविहाराला तीन, कुंभारवाड्याला दोन, बाजारपेठेमागे एकच पण लांब. अभ्यासिकेत बाहेरगावचा एक मुलगा यायचा. तो महिनाभर समजत होता की इथे दर तासाला कुल्फीवाला येतो.

मी बारावी झाले, बी.ए. झाले, सगळं त्या खोलीत. निकाल लागला तेव्हा आईनं पेढे आणले. मी आबांना शोधत टाकीपर्यंत गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, हात पॅन्टला पुसले, आणि म्हणाले, "आते तू हापिसमा बैस. बठ्ठी गल्लीनं पानी येळवर सुटाले पाहिजे."

ऑफिसात बसले, पण सगळ्या गल्ल्यांचं पाणी वेळेवर सोडणाऱ्या टेबलावर नाही, सभेच्या टेबलावर. थोड्याच दिवसांनी आबा निवृत्त झाले. सत्काराचा नारळ घेऊन गेले आणि पुढच्या सभेला येऊन मागच्या बाकावर बसले. मी विचारलं तर सांगितलं, ते अहिराणीत होतं, मी मराठीत लिहिते. "पाणी का नाही म्हणून आयुष्यभर लोकांच्या शिव्या ऐकल्या. ते पाणी कमी-जास्त करायचं ठरतं कुठे, ते एकदा बघावं म्हटलं." एकदा म्हणाले आणि मग एकही सभा चुकवली नाही. पंपहाऊसच्या मोटारींनी त्यांचा डावा कान पार खाल्ला होता. म्हणून ते बाकाच्या डाव्या टोकाला बसायचे. उजवा कान सभेकडे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

एक दिवस वरून पत्र आलं. अभ्यासिकेचं अनुदान यापुढे मिळणार नाही, निधी उपलब्ध नाही. पत्र तीन ओळींचं होतं. मी ते आवक रजिस्टरला लावलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. खोटं कशाला सांगू, ठेवण्याआधी मी ते जिन्यातच तीनदा वाचलं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी हेडक्लार्कनी मला कच्चा ठराव दिला. अभ्यासिका बंद करून ती जागा दुकानाला भाड्यानं द्यायची. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. तो 'ऐनवेळच्या विषयां'त घ्यायचा होता. आमच्याकडची पद्धत सांगते, म्हणजे तुम्हाला समजेल. ठराव सभेच्या आधीच टाइप होतात. शेवटची ओळ ठरलेली, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' सूचकाचं नाव घालायचं, अनुमोदकाचं नाव घालायचं. सभेत काही वेगळं झालं तर नंतर दुरुस्ती करायची. बहुतेक वेळा वेगळं काही होत नाही. आणि अनुमोदकाच्या जागी डोळे मिटून एकच नाव टाइप करायचं, कारण आमचे एक नगरसेवक प्रत्येक ठरावाला अनुमोदन देतात. विषय कोणताही असो, सूचकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा हात वर. सगळं गाव त्यांना अनुमोदनभाऊ म्हणतं. त्यांना त्याचा रागही नाही. "कोणाच्या चांगल्या कामाला नाही कशाला म्हणायचं?" असं म्हणतात. मी तो ठराव तसाच टाइप केला. माझ्याच हातानं. त्या खोलीचा.

सभेच्या दिवशी नेमकी पाइपलाइन फुटलेली. बाहेर गेटवर बायका रिकामे हंडे बडवत होत्या. आत कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. पाण्याच्या विषयावरच दोन तास गेले. शेवटी नगराध्यक्षांनी घाम पुसला, "बाकीचे विषय मंजूर समजा," म्हणाले आणि उठले. अभ्यासिकेचा विषय सभेत निघालाच नाही. कोणी एक शब्द बोललं नाही. आणि माझ्या फायलीत तो 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' झालेला होता.

दोन दिवसांनी आबा माझ्या टेबलापाशी आले. कोणीतरी नाक्यावर मोजमाप घेऊन गेलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "वाचीसन दाखाड."

इतिवृत्त कोणीही पाहू शकतं. मी वाचलं. सर्वानुमते म्हणताना माझा आवाज बारीक झाला. आबांनी उजवा कान पुढे केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाई मी आयकं नही, माय."

शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क हसले. "आबा, तुमच्या कानाचं काय घेऊन बसलात! समोर बँड वाजला तरी तुम्ही म्हणाल वरात कधी निघणार."

सगळे हसले. आबाही हसले. मग टेबलावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "मना कान गयात. तुना ते शेतस ना?"

माझे कान गेले. तुझे तर आहेत ना.

आणि रुमाल खिशात घालून निघून गेले.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं पहिलं विचारलं, "नोकरी जाईल का?" मी म्हटलं, जाऊ शकते. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही, ऑर्डर वाढवली नाही की झालं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "जिनिंगमधल्या बाया विचारतात, तुझी पोरगी काय करते? मी सांगते, लिहिते. काय लिहिते ते अजून कोणी विचारलं नाही."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली.

इकडे आबांनी सायकल काढली होती. गावात असं एक दार नाही जिथे त्यांनी पाण्याच्या भानगडीत पाय ठेवलेला नाही. ते एकेका नगरसेवकाच्या घरी गेले. भाषण नाही, विनंती नाही. ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे आणि एकच विचारायचे, "नाकाना इषयले तुम्ही हो म्हनात का?" प्रत्येकाचं उत्तर एकच, "मी नाही बुवा, बाकीचे म्हटले असतील." आबा मान डोलवायचे, पेला उपडा ठेवायचे आणि बाकीच्यांकडे जायचे. असे करत करत ते अनुमोदनभाऊंकडे पोचले. तिथे वेगळंच निघालं. भाऊ म्हणाले, "आबा, मी कुठून हो म्हणणार? मी त्या दिवशी सावद्याला होतो. भाचीचा साखरपुडा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा ऑफिसात फोन. हेडक्लार्कनी फोन ठेवला आणि माझ्याकडे आले. रागावले नव्हते. त्यांना चूक झाल्याचं वाईट वाटत होतं, हस्ताक्षर बिघडल्यासारखं. "अगं, तो माणूस गैरहजर होता. बघायचं नाही का? एक काम कर. ते पान बदल. दुसऱ्या कोणाचं नाव टाक. जो हजर होता त्याचं. पाच मिनिटांचं काम आहे."

मी "हो सर" म्हटलं.

कॉम्प्युटर उघडला. ते पान समोर आलं. अनुमोदकाच्या नावावर कर्सर लुकलुकत होता. मी बोटं कीबोर्डवर ठेवली. मग कॉम्प्युटर बंद केला आणि छापलेलं जुनंच पान फायलीत राहू दिलं. शूरपणा वगैरे काही नव्हता. हात चालला नाही, इतकंच.

पुढची सभा. पहिला विषय नेहमी एकच असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून म्हणायचं, पण वाचत कोणी नाही. मी उभी राहून म्हणते, "इतिवृत्त वाचले असे समजावे," कोणीतरी "कायम" म्हणतं आणि पुढचा विषय. त्या दिवशी मी एवढं म्हटलं आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका ताई उभ्या राहिल्या. कापसाचा व्यापार आहे घरचा, बोलायला फटकळ. आबा त्यांच्याही ओट्यावर बसून आले होते. म्हणाल्या, "समजायचं कशाला? वाचा ना. मॅडमला चांगलं वाचता येतं."

हेडक्लार्कनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं पान बदललंय. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. आबा रुमालावर बसलेले, हात गुडघ्यांवर, उजवा कान पुढे.

मी वाचलं. आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. पाण्याचे ठराव झाले आणि ऐनवेळच्या विषयावर आले. "अभ्यासिका बंद करून सदर जागा भाड्याने देण्यास चर्चेअंती सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." मग सूचकांचं नाव. मग अनुमोदकांचं.

सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं. "अहो, भाऊ तर सावद्याला जिलबी खात होते!"

"तिथून हात वर केला असेल!"

"भाऊंचा हात लांब आहे, सावद्याहून पोचतो."

सभागृह हसण्यानं भरून गेलं. भाऊ उठले, लाल झाले होते. "हसा. पण मी नव्हतो. आणि मला कोणी विचारलं असतं तर... तर मी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. पण विचारायला पाहिजे होतं."

मुख्याधिकारी साहेब नवीन होते. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे कसं झालं?"

आता हेडक्लार्ककडे बोट दाखवता आलं असतं. पण टाइप मी केलं होतं. मी म्हटलं, "सर, ठराव सभेच्या आधी टाइप केला होता. मी केला. सभेत हा विषय निघाला नाही. चर्चा झाली नाही. कोणी हो म्हटलं नाही आणि कोणी नाही म्हटलं नाही. मी हजर होते, मी ऐकत होते." आणि मग आपोआप तोंडातून गेलं, "सर, मी त्याच खोलीत शिकलेली आहे."

नगराध्यक्षांनी विषयपत्रिका पुढे ओढली. मग म्हणाले, "ठीक आहे. विषय आज घेऊ. बोला ज्याला बोलायचं आहे."

आणि खरंच बोलले. हे मला सांगायलाच हवं, कारण सभेत नुसती भांडणं होतात असं आपल्याला वाटतं. एका नगरसेवकाच्या वॉर्डात गटार उघडी होती. ते म्हणाले, "सरकारनं हात काढून घेतला. आपण किती ठिकाणी पुरे पडायचं? माझ्याकडे लहान पोरं गटारीत पडतात. आधी ते की आधी वर्तमानपत्रं?" त्यांचं चुकीचं नव्हतं. दुसरे म्हणाले, "आता पोरं मोबाईलवर अभ्यास करतात. खोली कशाला?" त्यावर ताई उसळल्या, "मोबाईल धरून बसायला घरात कोपरा लागतो, दादा. तुमचा बंगला आहे. माझ्या वॉर्डात चला, दाखवते." मग कोणी म्हणालं वर्तमानपत्रं कमी करा. कोणी म्हणालं विजेचं बिल नगरपरिषदेनं भरावं, गटारीचं काम अडवायची गरज नाही. सगळं माणसापाशी येऊन अडलं. उघडायला-बंद करायला, झाडायला, पोरांवर लक्ष ठेवायला जो माणूस होता त्याचा पगार अनुदानातून होता. नवा माणूस कुठून आणायचा?

तेव्हा मागचा बाक करकरला. आबा उभे राहिले होते.

नगराध्यक्ष म्हणाले, "बोला आबा."

आबांनी हात जोडले. "नही साहेब. माले बोलाना अधिकार नही. मी फक्त आयकाले येल शे." आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, शिपायाच्या हाती दिला, ताईंकडे बोट दाखवलं आणि खाली बसले.

ताईंनी वाचला. कुणाकडून तरी लिहून घेतलेला होता. त्यात एवढंच होतं, की आयुष्यभर मी वेळेवर उघडण्याचं आणि वेळेवर बंद करण्याचंच काम केलं आहे. एक खोली मला जड नाही. पगार नको, पेन्शन आहे. चावी द्यावी.

गटारीवाले नगरसेवक मान खाली घालून हसले. "आता याच्यापुढे काय बोलणार? पण माझी गटारही लिहा."

"दोन्ही लिहा," नगराध्यक्ष म्हणाले. "सूचक?"

ताईंनी हात वर केला. आणि मग अनुमोदनभाऊ उठले, खुर्ची मागे ढकलून, माझ्याकडे पाहत. "अनुमोदन माझं. आज मी इथे आहे. सगळ्यांनी बघून घ्या. मॅडम, आता लिहा."

मी लिहिलं. तेवढं एक वाक्य मी सभेत हातानं लिहिलं, आधी टाइप केलेलं नव्हतं.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. पुढची ऑर्डर निघायला उशीर झाला. ते महिने मी शिलाई मशीनवर बसून काढले. हेडक्लार्क काही दिवस बोलले नाहीत. मग एकदा चहा घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, "आता सगळं सभेनंतर टाइप करायचं म्हणजे काम वाढवलंस बघ." ती त्यांची माफी असावी. ऑर्डर निघाली. नोटीस मी जपून ठेवली आहे, पदवीच्या सर्टिफिकेटच्याच फायलीत.

आबांनी अभ्यासिका चालवली ती त्यांच्या पद्धतीनं. सकाळी सात म्हणजे सात. सायकल दाराला टेकवायची, जुनी लांब चावी दाराच्या मागे उभी करायची. तिचा काही उपयोग नव्हता, पण ती लागायची. आत कधी बसले नाहीत. "मी आत बसना का पोरेसले झोप येस," म्हणायचे. दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. कोणी मोठ्यानं बोललं तर त्यांना ऐकू जायचं नाही, म्हणून ते पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत आणि हसू दिसलं की घंटी वाजवत. कोणत्या गल्लीत पाणी कधी सुटणार हे त्यांच्या जागी आलेला माणूस फोनवर कळवायचा, पण फोनची रिंग आबांना ऐकू येईना. मग तो बिचारा वाकडी वाट करून यायला लागला. आबांनी त्याच्याकडून घंट्या पाठ करून घेतल्या. बुद्धविहाराला तीन.

सभेलाही येत राहिले. मंद झालेला उजवा कानही पुढे पार गेला. मी कानाकडे हात नेत, हातवारे करत म्हटलं, "आबा, आता काही ऐकू येत नाही तर कशाला त्रास घेता?" ते नगरसेवकांच्या खुर्च्यांकडे बोट करून म्हणाले, "त्यासले थोडंच माहीत शे?" आणि लहान पोरासारखे हसले. मी इतिवृत्त वाचताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. संपलं की मान हलवायचे, जणू शब्दन् शब्द बरोबर निघाला.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. धुळ्याला लेकीकडे गेले होते, तिथेच. त्यानंतरच्या सभेत बाकाचा तो कोपरा मोकळा होता. शिपायानं फायलींचे गठ्ठे आणून तिथे ठेवायला घेतले, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत उचलून नेले. मी इतिवृत्त वाचायला उभी राहिले आणि वाचायला लागले. थोड्या वेळानं नगराध्यक्ष म्हणाले, "मॅडम, जरा हळू वाचलं तरी चालेल. आम्हाला ऐकू येतं." तेव्हा मला कळलं, मी अजून त्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं वाचत होते. मी आवाज कमी केला नाही. कोणी पुन्हा म्हटलंही नाही.

आमच्या नगरपरिषदेत आता 'वाचले असे समजावे' असं कोणी म्हणत नाही. इतिवृत्त वाचलं जातं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ती गटार झाकली गेली. अनुदान परत आलेलं नाही. वर्तमानपत्रं पाचाची दोन झाली. चावी आता कुंभारवाड्यातल्या एका मुलीकडे आहे. आबांची सायकल त्यांच्या लेकीनं अभ्यासिकेला देऊन टाकली. तिची घंटी अजून वाजते. यंदा त्या खोलीतून दोन मुली ग्रॅज्युएट झाल्या, दोघीही आपापल्या घरातल्या पहिल्या.

अभ्यासिका बंद झाली नाही. आज सकाळी सातला उघडली.